‘मला सोडून पळ,’ असं वडील म्हणतात

प्रश्न : नऊ दिवसांपूर्वी रात्री मी आणि माझे वडील चालत घरी येत होतो. बाबा ६७ वर्षांचे आहेत, गुडघा धरलेला असतो, पळता येत नाही. दोघांनी वाट अडवली. एकाच्या हातात सुरा होता. त्यानं पर्स मागितली. मी ती देत होते, तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि त्याचा हात धरायला गेले. मी त्यांना मागे ओढलं. त्या ओढाओढीत सुरा त्यांच्या तळहातावर चालला. ते दोघं पर्स घेऊन पळाले. बाबांच्या हाताला टाके पडले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून मिटत नाही, पण ‘सूज आहे, उतरेल’ म्हणतात. तेव्हापासून मी पर्समध्ये घडीचा चाकू ठेवते. सुरा हिसकावून घ्यायचे डाव शिकवणाऱ्या एका क्लासलाही नाव घातलंय. बाबांचं एकच म्हणणं : पुन्हा असं झालं तर मला सोडून पळ. मला ते जमणार नाही. गर्दीच्या ठिकाणी गोळीबार झाल्याच्या बातम्या आल्या की पोटात गोळा येतो. मी त्यांना कसं वाचवू?

उत्तर : आधी बाबांच्या हाताबद्दल, कारण त्याला मुदत आहे. तळहात धारदार पात्यानं कापल्यावर बोट मिटत नसेल, तर सुजेखेरीज आणखी एक कारण संभवतं : बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, तुटलेली असणं. वरची कातडी शिवली गेली तरी आतली कंडरा तुटकीच राहू शकते. तिचं टोक मनगटाच्या दिशेनं आत ओढलं जातं, आणि साधारण दोन आठवडे उलटले की ते सरळ जोडणं कठीण होत जातं. आजच बघा. त्यांचा हात टेबलावर उताणा ठेवा, बोटाचं मधलं पेर हलकं धरून ठेवा आणि फक्त टोकाचं पेर वाकवायला सांगा. जोर लावायला लावू नका, कारण अर्धवट तुटलेली कंडरा जोरानं पूर्ण तुटते. मग डोळे मिटायला सांगून बोटाच्या दोन्ही कडांना कापूस लावा. टोक हललं नाही किंवा स्पर्श कळला नाही, तर उद्याच हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही ठीक वाटलं तरी नवव्या दिवशी बोट मिटत नाही, हे कारण दाखवायला पुरेसं आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का, हेही तिथेच विचारा.

आता ती रात्र. बाबा सुऱ्याकडे निघाले आणि तुम्ही त्यांना सुऱ्यापासून ओढलंत. दोघांनीही मायेपोटीच केलं, पण त्या दोन सेकंदांत तुम्ही चोराशी नव्हे, एकमेकांशी झटत होतात. समोरच्याला दिसलं ते एवढंच, की म्हातारा अंगावर येतोय आणि मुलगी हिसके देतेय. त्यानं घाबरून हात झटकला असेल किंवा मुद्दाम चालवला असेल, जखम दोन्ही प्रकारे तशीच होते. आधी काही न ठरवता चालणारी दोन माणसं एकट्या माणसापेक्षा हळू असतात. प्रत्येकाला हल्लेखोराकडे पाहायचं असतं आणि सोबतच्याकडेही. म्हणून ‘कसं वाचवू’ याचं उत्तर मनगटाच्या ताकदीत शोधू नका. कोण बोलणार, कोण सरकणार आणि कोणत्या शब्दावर, हे तुम्ही दोघांनी घरात बसून ठरवायला हवं.

ठरवण्याआधी एक भेद मनात पक्का करा. कुणाला वस्तू हवी असते, कुणाला तुम्हाला दुसरीकडे न्यायचं असतं आणि कुणाला फक्त माणसं मारायची असतात. तिघांच्या हातात एकच सुरा असला तरी तुमचं वागणं तीन तऱ्हांचं असायला हवं. गोंधळ बहुतेकदा इथेच होतो : वस्तू मागणाऱ्याशी माणूस लढतो आणि गाडीत बस म्हणणाऱ्याचं ऐकतो.

वस्तू मागितली तर द्यायची, हे तुम्ही करतच होतात. पण देण्याचीही पद्धत असते. ज्याच्याकडे मागितलं त्यानंच बोलायचं, दुसऱ्यानं एक शब्दही नाही. हात हलवण्याआधी तोंडानं सांगायचं, ‘पर्स खांद्यावर आहे, काढून देते.’ हात छातीच्या उंचीला, तळवे त्याला दिसतील असे. नजरेला नजर भिडवायची नाही, त्याच्या छातीकडे आणि हातांकडे पाहायचं. पर्स त्याच्या हातात द्यायला पुढे जायचं नाही, कारण तुमचा लांबवलेला हात त्याला धरता येतो. ती जमिनीवर ठेवायची, ‘इथे ठेवली’ म्हणायचं आणि दोघांनी दोन-तीन पावलं मागे सरकायचं. तो वाकला की तुमच्यातलं अंतर वाढतं. पर्स लांब भिरकावून उलट्या दिशेनं पळा, असंही शिकवलं जातं. धावू शकणाऱ्या माणसाला ते चालतं, तुमच्यासाठी ठेवून मागे सरकणंच बरं. समोर पिस्तूल असेल तर हाताची झटक्याची कोणतीच हालचाल नको. अंगठी बोटात अडकली असेल तर ओढाताण होण्याआधी तसं सांगून टाका.

या वेळी बाबांनी कुठे उभं राहायचं? तुमच्या मागे नाही आणि पुढे तर नाहीच. एक पाऊल मागे आणि एक पाऊल बाजूला, हात उघडे. मागे उभे राहिले तर तुम्ही सरकताना त्यांच्यावर आदळाल. पुढे आले तर काय होतं ते झालंच आहे. बाजूला उभ्या माणसाला आणखी एक काम करता येतं, ते म्हणजे दुसऱ्या चोराकडे लक्ष ठेवणं. सुरा हातात असलेला एक असतो, आणि ज्याच्याकडे कुणी पाहत नाही तो मागे जातो.

‘गाडीत बस’, ‘तिकडे गल्लीत चल’ असं कुणी म्हणालं की मात्र नियम उलटतो. जिथे तो नेणार तिथे साक्षीदार नसतील आणि वेळ सगळा त्याचा असेल. म्हणून जे काही करायचं ते इथे, जिथे लोक आणि उजेड आहे तिथेच. इथे बाबांच्या न पळण्याचाही उपयोग होतो. त्यांनी खाली बसायचं, खांब किंवा कठडा कवटाळायचा आणि ओरडत राहायचं. खाली बसलेल्या, अंग सैल सोडलेल्या मोठ्या माणसाला उचलून गाडीत घालायला दोन माणसं आणि पुष्कळ वेळ लागतो. तेवढा वेळ चोराकडे नसतो. ओरडताना ‘वाचवा’बरोबर काय चाललंय तेही सांगा : ‘हे आम्हाला ओळखत नाहीत, जबरदस्तीनं नेतायत!’ नाहीतर पाहणारे घरगुती भांडण समजून निघून जातात.

चाकू पर्समधून काढा. कायद्याचा प्रश्न आहेच : बऱ्याच ठिकाणी असा चाकू बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो, आणि पोलीस येतात तेव्हा पातं हातात असलेली व्यक्ती कोण, हे त्यांना माहीत नसतं. पण खरं कारण वेळेचं आहे. चेन उघडायची, आत चाचपायचं, चाकू ओळखायचा, पातं उघडायचं आणि मूठ आवळायची, एवढी बोटांची बारीक कामं त्यात आहेत, आणि भीतीनं सर्वांत आधी जातात ती हीच बारीक कामं. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये एक हिशेब मांडला होता. साधारण तब्येतीचा माणूस २१ फूट, म्हणजे जवळजवळ साडेसहा मीटर, सुमारे दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला शिकलेल्या पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. पर्सच्या तळातला चाकू त्या हिशेबात कुठेच बसत नाही. शिवाय चाकू माणसाला थांबवत नाही. भोसकला गेलेला माणूस कित्येकदा मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ लढत राहतो. पर्स घेऊन निघून गेला असता, त्याला तुम्ही तुमच्या हातानं लढाईत ओढता.

क्लास लगेच सोडू नका, पण एक परीक्षा घ्या. रबरी सुऱ्याऐवजी जाड स्केचपेन घ्या, जुना पांढरा टी-शर्ट घाला आणि समोरच्याला सांगा : हात लांब करून दाखवू नकोस, डाव्या हातानं माझी कॉलर धर आणि उजव्यानं भराभर टोचून मागे घे. वेळ दहा सेकंद. मग टी-शर्टवरच्या रेघा मोजा. डाव शिकवताना सुरा एकदाच येतो आणि हवेत थांबतो. खरा वार शिवणयंत्राच्या सुईसारखा आतबाहेर होतो, आणि हिसकावणारा हात नुसता हवेत फिरतो. या परीक्षेला शिक्षक राजी असतील, आणि क्लासमध्ये आवाज काढणं, पडल्यावर उठणं, धक्का देऊन निसटणं यांचा सराव होत असेल, तर तो क्लास चांगला. ‘त्याची गरज नाही’ म्हणाले तर दुसरा शोधा.

मिरचीच्या स्प्रेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चाकू काढल्यावर तो विचार येईलच. कायद्यानं चालत असेल तर बाळगा. त्याचा पल्ला साधारण दोन ते तीन मीटर असतो. वारा समोरून असेल किंवा लिफ्टसारखी बंद जागा असेल, तर तो तुम्हा दोघांच्याच डोळ्यांत जातो. प्रत्येकावर तो लगेच चालतो असंही नाही. डब्यावरची मुदत पाहा. सुनसान पट्ट्यात तो हातात हवा, पर्सच्या तळाशी नको. फवारायचा तो निघून जाण्यासाठी, तिथे उभं राहण्यासाठी नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोग त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाचा असतो. समोरून येणारे दोघं अचानक वेगळे होऊन दोन बाजूंना जाणं, एक हात मांडीमागे किंवा खिशात अडकलेला राहणं, तुम्ही रस्ता ओलांडलात की त्यांनीही ओलांडणं, आणि वेळ किंवा पत्ता विचारून तुम्हाला उभं करणं, यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की खात्री व्हायची वाट पाहू नका. वळा, रस्ता ओलांडा, उभ्या असलेल्या गाडीच्या पलीकडे जा. जवळ येतच राहिले तर तळवा पुढे करून मोठ्यानं ‘तिथेच थांबा’ म्हणा. सरळ माणूस थोडा दुखावेल, त्याची माफी मागता येते.

चालताना बाबांचा हात तुम्ही धरता की ते तुमचा धरतात? त्यांना तुमचं कोपर धरू द्या. तुम्ही अर्धं पाऊल पुढे असता, दिशा तुम्ही ठरवता आणि तुमचा दुसरा हात मोकळा राहतो. त्यांचं मनगट तुमच्या मुठीत असलं की घाबरल्यावर तुम्ही ओढणारच, आणि ओढल्यावर गुडघा दुखणारा माणूस पडतो. सांभाळणाऱ्यानं हात धरायचा नसतो, द्यायचा असतो.

आणि काहीच मागितलं नाही, सरळ अंगावरच आला तर? पहिलं म्हणजे मध्ये काहीतरी आणा. खुर्ची असेल तर पाय पुढे करून धरा. बॅग, ट्रॉली, टेबल, दार, सायकल, जे असेल ते. पात्याची लांबी वीतभर असते, तुमच्या हातातली वस्तू तिच्याहून लांब हवी. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लंडनच्या फिशमाँगर्स हॉलमध्ये सुरेहल्ला झाला, तेव्हा तिथल्या माणसांनी अग्निशामक नळकांडं आणि भिंतीवर शोभेला लावलेला नारव्हाल देवमाशाचा लांब दात घेऊन हल्लेखोराला बाहेर रेटलं. त्या दाताचं मोल त्याच्या लांबीत होतं. आणि ते एकट्यानं केलं नव्हतं.

मध्ये काहीच नसेल आणि तो भिडलाच, तर रिकाम्या हातांनी पातं पकडायला जाऊ नका. दोन्ही हातांनी त्याचा शस्त्राचा हात धरा, एक मनगटाजवळ आणि एक कोपराजवळ. तो हात स्वतःच्या अंगाशी किंवा भिंतीशी दाबून अडकवा आणि काही झालं तरी सोडू नका. हात जखमी होतील. पोट, छाती आणि मान वाचवण्यासाठी ती किंमत आहे. अशा वेळी सोबतच्यानं काय करू नये, हे लक्षात ठेवा : लढणाऱ्याला मागे ओढू नये. ओढलं की पकड सुटते आणि सुरा मोकळा होतो. बाबांची पकड चांगली होती की वाईट, हे आता कळणार नाही. पण ज्या क्षणी तुम्ही ओढलंत त्या क्षणी ती उरली नाही. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. प्रत्येक मुलगी हेच करते, आणि म्हणूनच आधी बोलून ठेवावं लागतं. सोबतच्यानं ओरडावं, माणसं गोळा करावीत, किंवा बाजूनं येऊन हल्लेखोराच्या चेहऱ्यावर बॅग, चादर, जे हाती असेल ते मारावं.

गर्दीच्या ठिकाणच्या हल्ल्याबद्दल ब्रिटिश पोलीस २०१५पासून तीन शब्द सांगतात : पळा, लपा, कळवा. अमेरिकेत २०१२पासून ‘पळा, लपा, लढा’ असं शिकवलं जातं. पहिल्या दोन शब्दांचा क्रम दोन्हीकडे तोच आहे. तुमच्या बाबतीत ‘पळा’ याचा अर्थ बदलून घ्या : सर्वांत जवळचं, बंद करता येईल असं दार गाठा. शंभर मीटरवरच्या मोठ्या फाटकापेक्षा दहा मीटरवरची कडी असलेली कोठीची खोली तुम्हाला जास्त उपयोगाची. कुठेही बसताना ते दार आधी शोधा. आलात तेच दार बाहेर जायचं, असं धरून चालू नका. कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याचं मागचं दार जवळजवळ सगळीकडे असतं, आणि घाबरलेली गर्दी तिकडे जात नाही. ती आली त्याच दाराकडे रेटते, आणि गुडघा धरलेल्या माणसाला त्या रेट्याचाही धोका असतो. बसायची जागा कडेची घ्या, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये अडकू नका.

गोळीबाराचा आवाज आतमध्ये गोळीबारासारखा वाटत नाही. फटाके वाजल्यासारखा, फळ्या पडल्यासारखा, काहीतरी कोसळल्यासारखा वाटतो. लोक एकमेकांकडे पाहत बसतात आणि सर्वांत मोलाचे सेकंद त्यात जातात. ज्याच्या मनात आधी शंका येईल त्यानं उठायचं आणि दुसऱ्यानं कारण न विचारता मागे जायचं, हे तुमच्यात ठरलेलं हवं. पिशव्या, चपला, पाकीट तिथेच सोडा. लिफ्ट टाळा.

नजरेआड होणं आणि गोळीआड होणं यांत फार फरक आहे. प्लायवूडचं पार्टिशन, साधं लाकडी दार, सोफा, गाडीचा दरवाजा तुम्हाला फक्त लपवतात, गोळी त्यांतून आरपार जाते. जाड काँक्रीटचा खांब, दगडी भिंत, गाडीच्या इंजिनाचा भाग, हे गोळी अडवू शकतात. गाडीच्या मागे लपायचंच असेल तर पुढच्या चाकाशी, इंजिनाच्या आड, खाली बसा. सुऱ्याच्या हल्ल्यात मात्र कोणतंही कडी लावलेलं दार मोलाचं.

खोलीत शिरलात की कडी, दिवा बंद, फोन गप्प, आणि थरथराटही बंद, कारण टेबलावरचा फोन थरथरला की बाहेर ऐकू जातो. दार आत उघडत असेल तर जड सामान लावा. बाहेर उघडत असेल तर सामानाचा उपयोग नाही, मुठीला पट्टा किंवा ओढणी बांधून ती आतल्या पक्क्या वस्तूला ताणून बांधा. मग दाराच्या समोरून बाजूला व्हा. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा एका वर्गात विद्यार्थ्यांनी दाराला मोठं टेबल लावलं आणि ते खाली राहून दाबून धरलं. हल्लेखोरानं दारातून गोळ्या झाडल्या, पण त्याला आत येता आलं नाही आणि त्या वर्गातल्या कुणाला गोळी लागली नाही. दाबायचं तर खाली राहून, छातीच्या उंचीला उभं राहून नाही. हे काम बाबांना जमेल. जमिनीवर पडून पाय ताठ करून टेबल दाबायला गुडघा वाकवावा लागत नाही.

फोनची तयारी आजच करा. ११२ हा आकडा जीएसएम या मोबाइल तंत्रज्ञानाच्या मानकात आपत्कालीन क्रमांक म्हणून ठरवलेला आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण भराभर पाच वेळा दाबलं, आणि आयफोनमध्ये बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र धरून ठेवलं, की आपत्कालीन सोय सुरू होते. दोघांच्याही सेटिंग्जमध्ये ती चालू आहे का, ते पाहा. काही फोन त्या वेळी मोठा भोंगा वाजवतात. लपण्याचा विचार करून तो बंद ठेवा. बोलायला मिळालं तर आधी जागा आणि मजला सांगा, मग शस्त्र, माणसं किती आणि शेवटचे कुठे दिसले. फोन तुटला तरी जागा कळलेली असते.

पोलीस आत आले की त्यांच्याकडे धावू नका, मिठी मारू नका. हात वर, बोटं पसरलेली, हातात काही नाही, फोनही नाही. हल्लेखोराचं शस्त्र तुमच्या हाती आलं असेल तर ते आधीच लांब सरकवा आणि कुठे आहे ते तोंडानं सांगा. पहिली तुकडी जखमींना ओलांडून पुढे जाते, कारण तिचं काम हल्लेखोराला थांबवणं असतं. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना ते निर्दय वाटेल आणि ते हाक मारत मागे जातील.

धोका टळला की एकमेकांचं अंग तपासा. सुरा लागलेला माणूस कित्येकदा ‘बुक्की बसली’ एवढंच सांगतो. मान, काखा, पाठ, पोट, जांघा या क्रमानं कपड्यांवरून तळवे फिरवा आणि प्रत्येक वेळी तळव्याकडे पाहा. गडद कपड्यावर रक्त दिसत नाही, तळव्यावर दिसतं. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर तीन ते पाच मिनिटांत जीव जाऊ शकतो. रुग्णवाहिका तेवढ्यात येईलच असं नाही, म्हणून हे काम सोबतच्याचं. अमेरिकेत २०१५मध्ये सामान्य माणसांना रक्तस्राव थांबवायला शिकवण्याची मोहीम सुरू झाली ती याच कारणानं.

हातापायातून रक्त उसळत असेल, चिळकांड्या येत असतील किंवा जमिनीवर थारोळं होत असेल, तर टूर्निकेट, म्हणजे दांडी फिरवून आवळायचा रुंद पट्टा. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही. जखम नक्की कुठे ते दिसत नसेल तर हातापायाच्या अगदी मुळाशी. पट्टा आधी हातानं जितका ओढता येईल तितका ओढा, मग दांडी फिरवा. रक्त थांबेपर्यंत फिरवत राहा, दांडी अडकवा आणि वेळ लिहा. भयंकर दुखतं, जखमी माणूस सैल करायला सांगतो. सैल करायचं नाही. रुग्णालयात तेच सोडवतील. कमरेचा पट्टा किंवा दोरी याला पर्याय म्हणून बहुतेकदा फसतात : पट्टा पिळायला फार ताठ असतो, दोरी फार बारीक. दीड इंच रुंद पट्टी आणि न मोडणारी दांडी, दोन्ही हवी. स्वस्तातल्या नकली टूर्निकेटची दांडी ऐन वेळी वाकते, म्हणून वैद्यकीय साहित्य अधिकृतपणे विकणाऱ्याकडूनच घ्या आणि सरावाला वेगळी ठेवा.

जांघ, काख, खांदा इथे टूर्निकेट बसत नाही. तिथे गॉझची पट्टी बोटानं जखमेच्या तळापर्यंत कोंबत न्यायची, खोली भरेपर्यंत. मग त्यावर दोन्ही तळवे, कोपरं ताठ, शरीराचं वजन टाकून दहा मिनिटं दाबायचं. मध्ये उचलून ‘थांबलं का’ पाहायचं नाही, कारण धरू लागलेली गुठळी त्यानं निघते. छाती आणि पोटाच्या जखमेत काही कोंबायचं नाही. सुरा आत रुतलेला असेल तर तसाच ठेवायचा, दोन्ही बाजूंनी कापडाचा आधार द्यायचा. अंग झाकून ऊब द्यायची, गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. एक टूर्निकेट, गॉझचा एक रोल, हातमोजे आणि मार्कर, चाकूच्या जागी पर्समध्ये एवढं ठेवा. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या पाकिटात आणि तुमच्याही.

आता त्यांचं ‘मला सोडून पळ’. त्यांना नाही म्हणू नका आणि हो म्हणूनही टाकू नका, कारण दोन्ही उत्तरं खोटी पडतील. त्यांना काम द्या. ज्याला काम नसतं तोच पुढे उडी मारतो, कारण उभं राहून पाहणं त्याला अपमानासारखं वाटतं. वस्तू मागणाऱ्यासमोर कुणीच कुणाला सोडत नाही. बाबांचं काम दुसऱ्या माणसावर नजर ठेवणं आणि गप्प राहणं. गर्दीतल्या हल्ल्यात दोघांनी मिळून जवळचं दार गाठायचं, कडी त्यांनी लावायची, फोन तुम्ही करायचा. ते पडले तर मागून काखेत हात घालून ओढा. घरात एकदा करून पाहा, तुम्हाला किती मीटर झेपतं ते कळेल. पाचच मीटर झेपत असेल तर पाच मीटरच्या आतला आडोसा शोधण्याची सवय लागेल. ताटातूट झाली तर परत शोधायला आत जायचं नाही. बाहेरची भेटण्याची जागा आधी ठरलेली हवी, नाहीतर दोघंही एकमेकांसाठी आत फिरत राहाल. सोडून जाण्याचा प्रसंग एकच : ते कडी लावलेल्या दाराआड आहेत आणि तुम्ही बाहेर. तेव्हा दारापाशी थांबून हाका मारल्यात तर त्यांची जागा उघडी पडते. हे त्यांना सांगा. ‘सोडून पळ’ म्हणताना त्यांच्या मनात तुमचा जीव आहे, आणि या एका प्रसंगी त्यांचं म्हणणं बरोबरही आहे.

शब्द दोनच ठरवा. ‘पर्स’ म्हणजे देऊन टाकायचं, कुणी पुढे व्हायचं नाही. ‘दार’ म्हणजे जवळच्या दाराकडे, प्रश्न न विचारता. छोटे शब्द, कारण भीतीत मोठं वाक्य तोंडून फुटत नाही. कुठेही गेलात की बसण्याआधी एकानं ‘दार?’ विचारायचं आणि दुसऱ्यानं बोट न दाखवता सांगायचं. आठवड्यातून एकदा घरात टूर्निकेट एका हातानं स्वतःच्या मांडीवर बांधून पाहा. पहिल्यांदा दोन मिनिटं लागली तर निराश होऊ नका, पाचव्या खेपेला अर्ध्या मिनिटावर येते.

पोटात गोळा येणं नऊ दिवसांनी स्वाभाविक आहे. झोप मोडणं, तोच रस्ता टाळणं, आवाजानं दचकणं बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं किंवा वाढलं, तर मानसोपचार करणाऱ्यांकडे जा, आघातानंतरच्या या त्रासावर चांगले उपचार आहेत. बाबांनाही तो होत असेल. बोटाचं लपवतात तसं ते हेही लपवतील, म्हणून तुम्हीच विचारा.